समुद्राखालील दरडी व कागदावरील वेळ

जुन्या कागदांचें मोल ठरवितांना त्यांतील हकीकत कोणती हें आपण पाहतों, तसेंच ती हकीकत कोणत्या मितीची व कोणत्या प्रहराची हेंहि पाहतों. मिती नसलेलें पत्र कितीहि रसाळ असलें तरी तें शकावलींत कोठें बसवावें हा प्रश्न उरतोच. उलट दोन ओळींची रुक्ष नोंद मितीवार व घटकावार असेल, तर ती एखाद्या लांबलचक बखरीचें म्हणणें खोटें पाडूं शकते. हा नियम राजकारणाच्या कागदांपुरताच आहे असा सामान्यतः समज असतो. परंतु जिला मनुष्य प्रत्यक्ष साक्षी असूं शकत नाहीं अशा एका सृष्टिघटनेचा छडाहि मुख्यत्वें वेळेच्या नोंदींवरून लागलेला आहे. ती घटना म्हणजे भूकंपामुळें समुद्राच्या तळाशीं अथवा किनाऱ्यालगत दरडी कोसळणें ही होय. ती कशी घडते, ती घडल्याचें कागदांनीं कसें सिद्ध केलें, आणि ते कागद वाचतांना कोणती दक्षता लागते, हें प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम घटनेचें स्वरूप पाहूं. समुद्राचा तळ सपाट नाहीं. किनाऱ्यापासून कांहीं अंतरापर्यंत तो उथळ असतो. मग उतार लागून तो हजारों मीटर खोल जातो. नद्यांनीं व हिमनद्यांनीं आणलेला गाळ या उताराच्या माथ्यावर व अंगावर थरावर थर बसत असतो. हा गाळ सैल असतो आणि त्याच्या कणांमधील पोकळ्या पाण्यानें भरलेल्या असतात. कणावर कण टेकलेला असतो तोंवर उतार उभा राहतो. भूकंपानें तो हादरला म्हणजे कण एकमेकांजवळ दाटूं पाहतात, परंतु मधल्या पाण्यास तेवढ्या वेळांत बाहेर पडण्यास वाट मिळत नाहीं. त्या पाण्याचा दाब वाढतो आणि जो भार कणांनीं पेलावयाचा तो पाण्यावर येऊन पडतो. मग क्षणापूर्वी घट्ट असलेली जमीन सुटून उतारावरून चालूं लागते. सुटलेली दरड पाण्यांत मिसळत गेली म्हणजे तिचा गाळमिश्रित लोंढा बनतो. भोंवतालच्या पाण्याहून तो जड असल्यामुळें तळ न सोडतां शेंकडों किलोमीटर धांवतो. इकडे एवढा मोठा ढीग एकदम हलल्यामुळें वरचें पाणी खालीं-वर होऊन लाट उठते. समुद्रतळ भूकंपानेंच उचलला अथवा खचला तर उठणारी त्सुनामी निराळी, आणि दरडीनें उठणारी निराळी. परंतु एकाच भूकंपांत दोन्ही एकत्र येऊं शकतात, आणि संशोधकाची अडचण तेथूनच सुरू होते.

लाट ही दरडीचें कार्य आहे, तशी ती दरडीचें कारणहि होऊं शकते. लाट येण्यापूर्वीं अगर येऊन गेल्यावर किनाऱ्यावरचें पाणी एकदम ओसरतें. त्यामुळें ओल्या उतारास बाहेरून असलेला पाण्याचा आधार निघून जातो. उताराच्या पोटांतील पाणी मात्र तेवढ्या वेगानें निथळत नाहीं. असा उतार समुद्राकडे घसरण्यास सिद्धच असतो. खोल पाण्यांतहि लाटेचा परिणाम होतो. ११ मार्च १९११ नव्हे, तर अगदीं अलीकडे, ११ मार्च २०११ रोजीं जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ झालेल्या महाभूकंपानंतर सेंदाईसमोरील समुद्रतळावर ठेवलेल्या यंत्रांनीं गाळाच्या लोंढ्याची प्रत्यक्ष नोंद केली, आणि तो लोंढा त्सुनामीनें उठविला असें अभ्यासकांनीं २०१३ मध्यें प्रतिपादिलें.

किनाऱ्यालगतच्या दरडीचें ठळक उदाहरण अलास्कांतील व्हाल्डीझ बंदराचें. हें गांव हिमनदीच्या गाळानें बनलेल्या सैल भूमीवर वसलेलें होतें. २७ मार्च १९६४ रोजीं ९.२ प्रतीचा भूकंप झाला, तेव्हां बंदराची सगळी समुद्राकडील बाजू सुटून पाण्यांत गेली. गेलेल्या मातीचा अंदाज सुमारें साडेसात कोटि घनमीटर आहे. त्या वेळीं 'चेना' नांवाचें जहाज माल उतरवीत होतें, आणि तें पाहण्यास माणसें व मुलें जमलीं होतीं. सुमारें तीस जीव त्या जमिनीबरोबर गेले. जहाज मात्र वांचलें, आणि त्यावरील खलाशांनीं घेतलेलें चलच्चित्र आज पुराव्यादाखल उपलब्ध आहे. पुढें सबंध गांव कांहीं किलोमीटर दूर घट्ट जमिनीवर हलविण्यांत आलें. येथें साक्षीदार होते, चित्र होतें, आणि गेलेली जमीन डोळ्यांसमोर होती. समुद्राच्या पोटांत घडणाऱ्या दरडीस यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून तिच्या इतिहासाला दुसरी साधनें शोधावीं लागतात.

असें साधन पहिल्यानें हातीं आलें तें तारायंत्राच्या समुद्री तारांमुळें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खंडाखंडांमध्यें या तारा समुद्रतळावर पडल्या, आणि त्या अधूनमधून तुटूं लागल्या. जपानांत अनेक वर्षें भूकंपांचा अभ्यास केलेले जॉन मिल्न यांनीं १८९७ मध्यें समुद्रतळावरील फेरफारांविषयीं निबंध लिहून तारा तुटण्याचा व तळावरील दरडींचा संबंध दाखविला. तार तुटली कीं संदेश थांबतो. थांबल्याची वेळ तारमास्तर लिहून ठेवतो. तुटलेल्या तारेची विद्युत्-परीक्षा दोन्ही टोकांकडून केली असतां ती किती अंतरावर तुटली हेंहि काढतां येतें. म्हणजे प्रत्येक तुटण्याबरोबर स्थळ व वेळ या दोन गोष्टी कागदावर येतात. तारमास्तराचा हेतु एवढाच कीं दुरुस्तीचें जहाज कोठें पाठवावयाचें हें ठरावें. इतिहास लिहिण्याचा त्याचा विचार नसतो, आणि म्हणूनच त्याच्या साक्षीस किंमत येते.

या कागदांची खरी कसोटी लागली ती १८ नोव्हेंबर १९२९ च्या भूकंपांत. न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेस ग्रँड बँक्स म्हणून मासेमारीचा विस्तीर्ण उथळ भाग आहे. त्याच्या दक्षिण कडेस, बेटापासून सुमारें अडीचशें किलोमीटरवर, सायंकाळीं ५ वाजून २ मिनिटांनीं ७.२ प्रतीचा भूकंप झाला. यूरोप व अमेरिका यांना जोडणाऱ्या अनेक तारा याच भागांतून गेल्या होत्या. त्यांपैकीं बारा तारा एकंदर अठ्ठावीस ठिकाणीं तुटल्या. भूकंपकेंद्राजवळच्या उतारावरील तारा हादऱ्याबरोबर तुटल्या. त्याचें नवल नाहीं. नवल पुढेंच आहे. उताराच्या खालच्या अंगास अधिकाधिक खोल पाण्यांत पडलेल्या तारा एकामागून एक तुटत गेल्या. भूकंपापासून मोजतां त्या वेळा अशा : ५९ मिनिटें, ३ तास ३ मिनिटें, ९ तास १ मिनिट, १० तास १८ मिनिटें, आणि १३ तास १७ मिनिटें. उलट उथळ माथ्यावर पडलेल्या तारा केंद्रापासून फार दूर नसूनहि शाबूत राहिल्या.

ही यादी कांहीं गुप्त नव्हती. भूकंपाची समग्र हकीकत डॉक्सी यांनीं १९४८ मध्यें ओटावा येथील वेधशाळेच्या प्रकाशनांत छापली. परंतु यादीचा अर्थ लागण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ब्रूस हीझेन व मॉरिस युइंग यांनीं असा सवाल घातला कीं, भूकंपानें तळ फाटून तारा तुटल्या असत्या तर त्या सर्व एकाच वेळीं तुटावयास हव्या होत्या. मग शेवटली तार तेरा तासांनीं कां तुटली? आणि तुटण्याचा क्रम नेमका उतारास धरून कां आहे? त्यांचें उत्तर असें कीं, हादऱ्यानें उतारावरील गाळाच्या दरडी सुटल्या, त्यांचा लोंढा बनला, आणि तो खालीं धांवतां धांवतां वाटेंतील प्रत्येक तार तोडीत गेला. दोन तारांमधील अंतरास दोन वेळांच्या फरकानें भागलें कीं लोंढ्याचा वेग निघतो. आरंभीं तो ताशीं शंभर किलोमीटर व अखेरीस सुमारें बावीस किलोमीटर होता असें त्यांनीं काढलें. पुढील अभ्यासकांनीं आरंभींचा आंकडा कमी करून सत्तरच्या आसपास आणला. परंतु वेग उताराबरोबर मंदावत गेला या मुख्य गोष्टीस धक्का लागला नाहीं.

या मताला विरोध झाला नाहीं असें नाहीं. मृत्तिकाशास्त्राचे धुरीण कार्ल टेर्झागी यांनीं १९५६ मध्यें निराळी उपपत्ति मांडली. लोंढा धांवला असें न मानतां, गाळ पातळ होण्याची क्रियाच एका जागेवरून पुढच्या जागेवर सरकत गेली असें त्यांचें म्हणणें होतें. अशा वादांत निर्णय व्हावयाचा तो स्वतंत्र पुराव्यानेंच. हीझेन-युइंग यांचें मत खरें असेल तर लोंढा थांबला त्या खोल सपाटीवर ताज्या वाळूचा एक थर असला पाहिजे, आणि त्यांत जाड कण खालीं व बारीक कण वर अशी मांडणी असली पाहिजे. तळांत नळी खुपसून नमुने काढले तेव्हां तसाच थर सांपडला, आणि तो १९५४ मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं ९ सप्टेंबरास अल्जीरियांतील ऑर्लेआंव्हील येथें भूकंप झाला, आणि भूमध्य समुद्रांतील ताराहि तशाच क्रमानें तुटल्या. कागदावरून केलेलें अनुमान जमिनींतून निघालेल्या वस्तूनें खरें ठरावें, हा अनुभव ताम्रपट वाचून गांवाची जागा शोधणाऱ्यांना अपरिचित नाहीं.

आतां या घटनेची दुसरी बाजू. तारकंपन्यांना आपल्या तारा तुटल्याचें त्या त्या क्षणीं कळत होतें. परंतु ज्या किनाऱ्यावर माणसें मेलीं त्याची वार्ता तीन दिवस कोणासच नव्हती. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस ब्युरिन नांवाचें द्वीपकल्प आहे. भूकंपानंतर सुमारें अडीच तासांनीं तेथील खाड्यांतून पाणी ओसरलें आणि मग लाटा आल्या. अरुंद खाड्यांच्या टोंकाशीं पाणी तेरा मीटर उंचीपर्यंत चढलें. घरें, होड्या, मासळीचीं कोठारें व हिवाळ्यासाठीं सांठविलेलें धान्य वाहून गेलें. एकंदर अठ्ठावीस माणसें दगावलीं. द्वीपकल्पाची तार आधींच वादळानें तुटलेली होती. 'पोर्शिया' नांवाची आगबोट नित्याच्या फेरीनें २१ नोव्हेंबरास ब्युरिनला लागली, तेव्हां तिच्या बिनतारी यंत्रावरून ही वार्ता सेंट जॉन्सला पोंचली. बहुतेक अभ्यासक या लाटेचें मूळहि त्याच दरडींत पाहतात. म्हणजे एका दरडीचे दोन इतिहास आहेत. एक मिनिटामिनिटांचा, पण माणसांवांचूनचा. दुसरा माणसांचा, पण ज्याच्या वेळा अंधारांतील आठवणींवर अवलंबून. दोन्ही जुळवल्याशिवाय हकीकत पुरी होत नाहीं.

जुळवणीच्या वेळीं संशोधकाचें खरें काम लागतें, कारण घड्याळें एक नाहींत. ५ वाजून २ मिनिटें ही न्यूफाउंडलंडची वेळ; हॅलिफॅक्सच्या घड्याळांत तेव्हां ४ वाजून ३२ मिनिटें झालीं होतीं, आणि ग्रिनिच येथें ८ वाजून ३२ मिनिटें. न्यूफाउंडलंड व हॅलिफॅक्स यांत अर्ध्या तासाचा फरक आहे. पहिली खोल पाण्यांतील तार ५९ मिनिटांनीं तुटली हें वर आलेंच आहे. वाचकानें चुकून एका ठिकाणची वेळ दुसऱ्या ठिकाणची समजली, तर ५९ चीं २९ तरी होतात किंवा ८९ तरी. आणि लोंढ्याचा वेग दुप्पट होतो अगर एक-तृतीयांशानें घटतो. सगळी उपपत्ति अशा एका आंकड्यावर उभी असते. फसली शक व शालिवाहन शक यांच्या घोटाळ्यानें सबंध मोहीम एका वर्षानें मागेंपुढें गेल्याचीं उदाहरणें ज्यांच्या पाहण्यांत आहेत, त्यांना हें अधिक सांगणें नलगे.

जितकें मागें जावें तितकी ही अडचण वाढते. इटलीच्या दक्षिण टोंकास कॅलाब्रिया प्रांतांत सिल्ला नांवाचें गांव समुद्रकांठच्या कड्यावर आहे. ५ फेब्रुवारी १७८३ रोजीं तेथें मोठा भूकंप झाला. घरें पडण्याच्या भयानें लोक रात्रीं समुद्राच्या वाळवंटांत व होड्यांत जाऊन राहिले. गांवचा वृद्ध सरदारहि त्यांच्याबरोबर होता. मध्यरात्रीनंतर पुन्हां हादरा बसला, जवळच्या डोंगराचा मोठा भाग समुद्रांत कोसळला, आणि त्यानें उठलेली लाट वाळवंटावर येऊन दीड हजारांच्या आसपास माणसें घेऊन गेली. नेपल्स दरबारचा इंग्रज वकील विल्यम हॅमिल्टन यानें त्याच वर्षीं हा प्रदेश हिंडून लंडनच्या रॉयल सोसायटीस वृत्तान्त धाडला, आणि नेपल्सच्या विद्वत्सभेनें १७८४ मध्यें आपला विस्तृत अहवाल चित्रांसह छापला.

त्या काळीं इटलींत तास मोजीत ते सूर्यास्तानंतर. ५ फेब्रुवारीचा पहिला हादरा एकोणिसाव्या तासाच्या सुमारास झाला असें लिहिलेलें आढळतें. आजच्या रीतीनें तें वाचणारा संध्याकाळ समजेल. वस्तुतः ती दुपार होय. आपल्याकडील 'पांच घटका रात्र' किंवा 'चार घटका दिवस' वाचण्याची संवय असलेल्यास हा हिशेब लगेच उमगेल. आणि हिशेब नीट केला म्हणजेच क्रम स्पष्ट होतो : दुपारीं पहिला भूकंप, रात्रीं दुसरा हादरा, मग दरड, मग लाट. म्हणजे मारणारी लाट दुपारच्या मोठ्या भूकंपाची नव्हे, तर रात्रीच्या दरडीची. अलीकडे तेथील समुद्रतळाची मोजणी झाली, तेव्हां डोंगरावरील तुटीच्या खालीं पाण्यांतहि दरडीच्या खुणा मिळाल्या. सव्वादोनशें वर्षांपूर्वींच्या कागदांस तळानें दुजोरा दिला.

हे सर्व दूरचे वृत्तान्त झाले. आपल्या किनाऱ्याशीं संबंध असलेलें प्रकरण १९४५ चें आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे ३ वाजून २६ मिनिटांनीं, भारतीय प्रमाणवेळेप्रमाणें, मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ प्रतीचा भूकंप झाला. पसनी व ओर्मारा हीं गांवें लाटेनें बुडालीं. समुद्रांतील तार तुटली. कराचीस पहिल्या लाटेहून कांहीं तासांनीं आलेली लाट मोठी होती. मुंबईस सकाळीं सव्वाआठच्या सुमारास पाणी चढलें. वेसावें व हाजी अली येथील माणसें धरून पंधरा जण वाहून गेल्याची नोंद आहे, आणि दांडा व जुहू येथें होड्या दावीं तोडून गेल्या. या भूकंपावर पेंडसे यांच्या नांवानें ओळखला जाणारा लेख हवामानखात्यानें छापला.

मोठी लाट उशिरां कां आली हा येथील प्रश्न आहे. भूकंपानें समुद्राखालील दरड सुटली व तिनें ती लाट उठविली, असें एक मत आहे. तुटलेली तार व झालेला उशीर हीं दोन त्याचीं प्रमाणें. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं २०११ मध्यें दुसरें मत मांडलें. कराची व मुंबई येथील भरती-ओहोटी मोजणाऱ्या यंत्रांचे जुने आलेख तपासून त्यांनीं दाखविलें कीं, लाटा उथळ किनारपट्टींत अडकून पुन्हां पुन्हां फिरत राहिल्या तरी उशिरांची मोठी लाट संभवते. त्यासाठीं दरड मानलीच पाहिजे असें नाहीं. दोन्ही पक्षांचा आधार शेवटीं एकच आहे : कोणत्या ठिकाणीं पाणी किती वाजतां चढलें. आणि येथेंहि घड्याळांचा प्रश्न सुटलेला नाहीं. मुंबईंत 'मुंबई टाइम' म्हणून प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें चालणारी वेळ १९५५ पर्यंत पाळली जात होती. त्यामुळें त्या दिवसाचा मुंबईचा कोणताहि खासगी कागद हातीं आला, तर त्यांतील वेळ कोणत्या घड्याळाची हें प्रथम ठरविलें पाहिजे.

यावरून संग्राहकांचें कर्तव्य आम्हांस स्पष्ट दिसतें. बंदरखात्याच्या रोजनिशा, दीपगृहांचीं टिपणें, तारऑफिसांचीं जुनीं बुकें, आगबोटींच्या फेऱ्यांच्या नोंदी, मचवेवाल्यांच्या वह्या, हे कागद सामान्यतः रद्दी समजून टाकले जातात. त्यांत कोणा थोर पुरुषाचें नांव नसतें, आणि भाषाहि कोरडी असते. परंतु समुद्राखालच्या दरडीविषयीं बोलूं शकणारे साक्षीदार असलेच तर ते हेच. मकरानचा समुद्रतळ पुन्हां हलेल तेव्हां आपल्या किनाऱ्यास किती वेळ मिळेल, लाट एकदां येऊन थांबेल कीं तासातासांनीं वाढत येईल, या प्रश्नांचीं उत्तरें १९४५ च्या वेळा नीट लागल्यावर अधिक खात्रीनें देतां येतील. कोंकणांतील ज्या घरांत किंवा कचेरींत २८ नोव्हेंबर १९४५ या तारखेची ओळ असलेली वही असेल, ती वही जपावी, ती ओळ जशीच्या तशी उतरावी, आणि लिहिणाऱ्यापुढें कोणतें घड्याळ होतें तेंहि समासांत नमूद करावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.